तिसरा पेड

प्रिय लेकी,

हे पत्र हातात पडल्या पडल्या वाच. सुट्टीच्या दिवशी सावकाश वाचू म्हणून बाजूला ठेवू नकोस. घाबरू मात्र नकोस. आई बरी आहे, मी बरा आहे, गॅस बंद आहे, हे मी लिहायला बसण्याआधी दोनदा पाहून आलो. फोनवर माझी बोबडी वळते हे तुला ठाऊक आहे, आणि आज सांगायचं पोटभर आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तू सांभाळून घे. तर बातमी अशी की मला वेणी घालता येते! खरंच. तीनपेडी, सरळ, पाठीच्या मधोमध उतरणारी. लिहितानासुद्धा हाताला हुरूप आलाय, अक्षर बघ कसं उड्या मारतंय.

पहिल्यापासून सांगतो. आई जिन्यात घसरली, उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं, ते निघेपर्यंत तू इथे होतीसच. तू गेलीस आणि मग कळलं की मनगट जुळलं तरी बोटं काही मिटत नाहीत. पेला डाव्या हाताने धरता येतो, पण डोक्यामागे एका हाताने वेणी कशी घालणार? कंगवा चार वेळा पडला. पाचव्यांदा तिने तो उचललाच नाही. शांतपणे म्हणाली, शनिवारी जाऊन केस कापून येते. आता तुला माहीत आहे, तीस वर्षं ती सिनेमाच्या तिकीट खिडकीत बसली. त्या चौकोनात लोकांना काय दिसायचं, तर एक चेहरा आणि डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. लोक म्हणायचे, वेणीवाल्या बाईंच्या खिडकीवर उभे राहा, सुटे पैसे नीट मिळतात. आखूड केसांना माझी ना नाही. आपल्या मजल्यावरची शिंपीण कापून आली, तर दहा वर्षांनी लहान दिसते. पण आई ते हौसेने म्हणत नव्हती. दुकानाची फळी लावावी तसं म्हणत होती. तिने रिबिनीसुद्धा शिंपिणीला देऊन टाकल्या, पिशव्यांना लाव म्हणाली. आज केस, उद्या जिना उतरणं, परवा बाल्कनीत बसणं, असं एकेक करत ही सगळंच सोडील की काय, असं वाटलं. मी शिंपिणीकडे जाऊन रिबिनी परत मागून आणल्या आणि आईला म्हटलं, मला एक महिना दे, मी घालतो वेणी.

ती इतकी हसली की खोकला लागला. म्हणाली, अहो, तुमच्या पायजम्याच्या नाडीची गाठ मला सोडावी लागते, तुम्ही कसली वेणी घालताय! पण अट मान्य केली. महिनाभरात सकाळच्या चहाला घातलेली वेणी दिवेलागणीपर्यंत टिकली पाहिजे. नाही टिकली, तर ती केस कापणार आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही.

मला वाटलं, त्यात काय. जन्मभर वेताच्या खुर्च्या विणल्या, सहा पदरी जाळी डोळे मिटून घातली. तीन पेडांचं काय कौतुक! पण बाळ, वेत ओरडत नाही. पहिल्याच दिवशी आईने असा आवाज काढला की टायपिस्ट बाई खालच्या मजल्यावरून धावत आल्या. त्यांनीच मग आपल्या फोनवर वेणीचा व्हिडिओ दाखवला. त्यातल्या मुलीचे हात इतके भराभर चालत होते की मी तीनदा थांबवायला सांगितलं. त्यात तिचं डावं ते आपलं उजवं, तेही उशिरा लक्षात आलं. म्हणून सराव आईवर न करता फरशी पुसायच्या झाडूवर केला, तो सुतळीच्या झिपऱ्यांचा असतो ना, तो. खुर्चीला उलटा बांधला आणि बसलो विणत. आई मागून येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही. म्हणाली, सवतीचे केस माझ्यापेक्षा दाट आहेत हो!

पार्लरवाली रोज घरी येऊन घालून देईन म्हणाली होती, पण तिचा दर ऐकून आम्ही दोघं एकदमच 'नको' म्हणालो. तेव्हा घरात आहे त्यातच करायचं ठरवलं. शिंपिणीने सांगितलं, केस कोरडे झालेत, अंडं लावा, मऊ होतील. लावलं. आता धुवायचं. सकाळी गारठा होता, आईला सर्दी होईल या भीतीने मी चांगलं कढत पाणी घेतलं. पुढचं तू ओळखलं असशील. अंडं केसांतच शिजलं! दोन तास आम्ही बाल्कनीत बसून एकेक कण वेचत होतो. आई म्हणत होती, मीठ आणा, नाश्ता इथेच उरकू. मी मात्र घाबरून डॉक्टरांकडे जाऊ या का, असं विचारत होतो. त्यानंतर अंडं बंद. नुसतं कोमट तेल, रुंद दातांचा कंगवा, आणि टोकाकडून वर विंचरायचं, मुळापासून खाली नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, गुंत्याशी चार दिवस भांडून मी स्वतः शोधलं. पासष्टाव्या वर्षी काहीतरी स्वतः शोधल्याचा आनंद झाला, आणि टायपिस्ट बाई म्हणाल्या, काका, हे तर शाळेतल्या मुलींनाही माहीत असतं.

शिवाय माझं शरीर. वेणी घालायला पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं आणि सातव्या मिनिटाला माझे गुडघे थरथरायला लागायचे. कोपर खांद्याच्या वर धरलं की मुंग्या. एकदा तोल गेला आणि वेणी धरूनच सावरलो, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. म्हणून व्यायाम सुरू केला. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, एकेका हातात एक, वीस वेळा वर. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, दूध तापेपर्यंत. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, पण खुर्ची नाही. जन्मभर लोकांना बसायला खुर्च्या विणल्या आणि म्हातारपणी स्वतः बिनखुर्चीचा बसतोय! आई रोज बघायची आणि मोजताना मुद्दाम चुकवायची. चौदा, पंधरा, तेरा. तिला हाताच्या डॉक्टरीणबाईंनी मोज्यांचा बोळा दाबायला दिला होता, तो ती हातात धरायचीच नाही. म्हणायची, मी काय मांजर आहे? मी रागावलो, विनवण्या केल्या, एक दिवस जेवलोही नाही. काही उपयोग नाही. तिला हात बरा होईल असं वाटतच नव्हतं, आणि मला ते बोलून दाखवायचं धाडस नव्हतं.

अठराव्या दिवशी मोठी चूक झाली, तीही माझ्या धंद्याची. वेणी दुपारपर्यंत सैल पडत होती, गुळगुळीत केस सुटून यायचे. मी विचार केला, वेत आपण कसा विणतो? भिजवून. ओला वेत वाकतो, ताणून विणला की सुकताना आवळतो आणि बैठक ढोलासारखी ताठ होते. सुचलं म्हणून मला इतका आनंद झाला! आईचे केस चांगले ओले केले, कपाळापासून ताणून वेणी घातली आणि तिला उन्हात बसवलं. तासाभराने जाऊन बघतो तर आईच्या भुवया वर गेलेल्या, डोळे मोठे, कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. मला वाटलं हिला काहीतरी झालं. तिला वाटलं मला झालं, कारण मी तोंड उघडं टाकून बघत होतो. तेवढ्यात शिंपीण आली आणि म्हणाली, वहिनी, कुठली क्रीम लावता? एकही सुरकुती नाही! आईला हसायचं होतं पण गाल वर जाईनात. संध्याकाळपर्यंत ती तशाच आश्चर्यचकित चेहऱ्याने घरभर फिरत होती. दूधवाल्याने दोनदा विचारलं, बाई, माझं काही चुकलं का? वेणी मात्र दिवेलागणीपर्यंत टिकली. मी म्हटलं, जिंकलो. आई म्हणाली, अहो, ही वेणी नाही, सापळा आहे, ही अटीत धरायची नाही. सोडली तेव्हा कातडी दुखून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ओशाळलो. माणसाच्या डोक्याला खुर्ची समजलो, असं मनाला लागलं. दोन दिवस हातात कंगवा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच खुर्ची ओढून माझ्यासमोर पाठ करून बसली. म्हणाली, दिवस संपत आलेत, आता कसला रुसवा. मी कोरड्या केसांवर हलक्या हाताने सुरुवात केली. हलका हात म्हटलं की माझा तिसरा पेड निसटतो, दोन सांभाळेपर्यंत तिसरा गेलाच. मी पुटपुटत होतो. तर काय झालं, आईने उजवा हात खांद्यावरून मागे आणला आणि तो पेड बोटांत धरला. तोच हात, बोळा न धरणारा. बोटं पुरती मिटली नव्हती, पण पेड राहिला. मी पुटपुटणं थांबवून पुढचा पेड घेतला. बोललो तर ती हात काढून घेईल अशी भीती. त्या पेडाची पाळी आली की ती तो सोडायची, पुन्हा धरायची. सोड, धर, सोड, धर, शेंड्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी माझं काही अडलं नसताना मी मुद्दाम म्हटलं, अगं, धर ना जरा. तिला कळलं असणार. तिला सगळं कळतं. पण तिने धरला. डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात बोटं तपासली आणि म्हणाल्या, मोज्यांचा बोळा कामाला आला म्हणायचा! आम्ही दोघांनी मान डोलावली.

अट पुरी झाली ती एकोणतिसाव्या दिवशी. आईच्या जुन्या सिनेमाघरातल्या बॅटरीवाल्याचा निरोप समारंभ होता, अंधारात लोकांना खुर्च्या दाखवणारा तो. आई जायला नाही म्हणत होती, आणि मग सकाळच्या चहाला अचानक म्हणाली, घाला वेणी, बघू. मी खिशात दोन जादा रिबिनी, चार पिना आणि कंगवा घेऊन निघालो. तिच्या शेजारून चालायचं सोडून मागून चाललो, वेणीवर नजर ठेवून, आणि दिव्याच्या खांबावर आपटलो. कपाळावर अजून टेंगूळ आहे. आत गेल्यावर व्यवस्थापकांनी लांबूनच हाक मारली, आल्या वेणीवाल्या बाई! आईने वेणी खांद्यावरून पुढे घेतली. उजव्या हाताने घेतली, बाळ. घरी आलो तेव्हा जिन्यातले दिवे लागले होते आणि एक केस हलला नव्हता. आई कात्री ठेवायच्या खणात रिबिनी ठेवून आली. एवढंच. पण त्या आनंदात मी बाटल्या पन्नास वेळा उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना.

आता हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. काल तुझा फोन आला. तुला दोन महिने कामाच्या शिक्षणाला बाहेर जायचंय आणि आमच्या नातीला, झिपरीला, इथे ठेवायचंय, हे ऐकून आम्ही दोघं नाचायचे बाकी राहिलो. पण तू आईला म्हणालीस, तुझा हात असा, बाबांना काही जमायचं नाही, म्हणून या रविवारी पोरीचे केस बारीक कापूनच पाठवते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तुला काही सांगितलं नाही. हे मीच सांगायला हवं, असं तिचं म्हणणं. तुला आठवत असेल, तू आठ वर्षांची होतीस. आजी आजारी म्हणून आई महिनाभर तिकडे गेली होती. सकाळी तू कंगवा घेऊन माझ्यासमोर उभी राहायचीस, मला कामाला उशीर व्हायचा, आणि चौथ्या दिवशी मी तुला माझी दाढी करणाऱ्या न्हाव्याकडे नेऊन मुलासारखे केस कापून आणले. तू रडली नाहीस. नुसती घरातसुद्धा टोपी घालून वावरलीस, जेवतानाही, झोपतानाही. मी रोज पाहायचो आणि न पाहिल्यासारखं करायचो. केसच ते, वाढतील, असं आईला सांगून मोकळा झालो. मला वेळ नव्हता हे खोटं होतं, बाळ. तुझ्या डोक्याला हात लावायची मला भीती वाटायची, दुखेल, चुकेल, तू हसशील. जे मला एकोणतीस दिवसांत आलं ते तेव्हाही आलं असतं. माझं चुकलं. झिपरीला कापून घ्यायची हौस असेल तर खुशाल काप. पण माझ्यासाठी म्हणून कापणार असशील तर कात्री लावू नकोस, तशीच पाठव. वेण्या मी घालीन, रोज, सकाळच्या चहाला. तिचे केस जाड आहेत की बारीक, टाळू हळवी आहे का, एक वेणी आवडते की दोन, तेवढं मात्र लगेच कळव. दोन वेण्या मी अजून घातलेल्या नाहीत, आणि हातात फक्त बारा दिवस आहेत.

तुझाच,
धांदरट बाबा