मागच्या गल्लीचं फाटक

तांडापेठ, नागपूर
२१ जानेवारी १९७९

चि. पंचफुला हिस तुझ्या बाबाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल. तुझा तिळगूळ उमरेडहून न फुटता पोचला. सोबतच्या चिठ्ठीत जावईबापूंचा नमस्कार शोधला, दिसला नाही. घाईत राहून गेला असेल. सातव्या महिन्यात पाण्याच्या घागरी उचलू नकोस, असं तुझी आई चुलीजवळून ओरडून सांगते आहे.

इथली मोठी बातमी म्हणजे आपली मागची गल्ली. शेजारच्या मनोहररावांनी, आपल्या गांधीबागेतल्या कापडवाल्यांनी, मोटार घेतली. समोरच्या बोळीत सायकल कशीबशी शिरते, म्हणून त्यांना मागच्या गल्लीत मोटारीपुरतं फाटक काढायचं होतं. कार्पोरेशननं सगळ्यांनाच विचारलं, मागच्या गल्ल्यांत फाटकं काढू द्यायची की नाही? झालं! चहाच्या टपरीवर महिनाभर दुसरा विषय नाही.

मी विणकरांचा पुढारी. सकाळी ताण्याचे लांबच लांब उभे धागे पसरून सुताला खळ लावायची, म्हणजे गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत आपली. माणसं ताणा ओलांडत नाहीत, वाकून खालून जातात. मोटार वाकते का?

दिवाळीत जे झालं त्याचा इथे काही संबंध नाही. जावईबापूंनी नवा टेम्पो दाखवायला थेट गल्लीत घातला आणि लुगड्याचा अख्खा ताणा तोडला. विणकराच्या पोटी जन्मून ताणा दिसला नाही म्हणे! मी बोललो ते बोललोच. ‘माही गाडी दारापर्यंत येईन, तवाच आमी दोघं येऊ,’ असं म्हणून ते तुला घेऊन गेले, तेही गेलेच. असो.

डिसेंबरात शाळेत सुनावणी झाली. एका बाजूला मनोहरराव, दुसऱ्या बाजूला अख्खी गल्ली. कार्पोरेशनचे साहेब म्हणाले, ‘मग वाहनं पूर्ण बंद, असंच लिहू?’ सगळ्यांचे हात वर. आणि मी उभा राहिलो. म्हटलं, ‘साहेब, दहा वाजेपर्यंत खळ वाळून जाते. मंग गल्ली रिकामीच राहते. दहानंतर गाड्या येऊ द्या, फाटकंबी काढू द्या.’

आपला बाबनराव ताडकन उठला. ‘काहून गा श्रावण? शेटजीनं तुले मोटारीत फिरवून आणलं का?’

सगळे खो खो हसले. मी म्हटलं, कोणाला दवाखान्यात न्यायची पाळी आली तर? त्यावर वर गेलेले हात एकेक करून खाली आले. साहेबांनी तसंच लिहून घेतलं आणि संक्रांतीपासून नियम लागू झाला. बाबनराव बरेच दिवस टपरीवर माझ्याकडे पाठ करून बसायचा. परवा आपणहून माझ्या ताण्याचं दुसरं टोक धरायला आला. मनोहरराव आता दहाच्या आधीच मोटारीत बसून घड्याळ बघतात. मी मुद्दाम सावकाश ताणा गुंडाळतो. सध्या फार मजेत आहे मी.

इथपर्यंतचं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘दवाखान्याचं काय सांगून राहिले जी तिले? पोरगी बाळंतपणाले घरी यावी म्हणून केलं ना? मंग लिहा ना तसं!’

बरं, लिहितो. त्यासाठीच केलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं आणि तुझ्यावाचून मला या घरात करमत नाही. पण नवऱ्याचा शब्द मोडून तू एकटी येऊ नयेस, असंही मला वाटतं. तेव्हा दोघांनी या.

पुढच्या सोमवारी मिस्त्री आपली मागची भिंत फोडणार आहे. फाटक केवढं ठेवू, असं विचारतो. त्या दिवशी मी टेम्पोकडे नीट पाहिलंच नाही गं, ताण्याकडेच बघत राहिलो. दोन्ही आरसे धरून तो किती रुंद आहे, ते जावईबापूंना त्यांच्या हातानं लिहून पाठवायला सांग. त्यांचं पत्र आल्याशिवाय मी मिस्त्रीला विटेला हात लावू देणार नाही.

तुझा बाबा आणि त्यांचा सासरा,
श्रावण