पाहुणे येणार म्हणून आवरलेली जमीन

२ फेब्रुवारी, सकाळ
आज उगाच आठवलं. आम्ही दोघी जावा बॅटरीच्या कारखान्याच्या फाटकाशी डबे घेऊन उभ्या राहायचो. भोंगा झाला की हे आणि थोरले दीर बाहेर यायचे, हात कोपरापर्यंत करडे. हे माझ्या रुमालाला हात पुसायचे आणि मी लटकं रागवायची. किती साधं, किती गोड होतं सगळं! आता कारखाना नाही, हे नाहीत, दीर नाहीत. थोरल्या जाऊबाई आहेत. शेजारच्या जिन्यात राहतात आणि माझ्यावर लक्ष ठेवतात.

त्या करड्या रंगाला शिसं म्हणतात हे गेल्या महिन्यात कळलं. नातीच्या रक्तात निघालं. चार वर्षांची पोर. खिडकीखाली, पाडलेल्या कारखान्याच्या त्या मोकळ्या जागेत बसून मातीची भांडीकुंडी करायची. सूनबाईंनी स्पष्ट सांगितलं, जमीन साफ होणार असेल तर राहू, नाहीतर शाळा सुरू व्हायच्या आत घर बदलू. मुलगा नेहमीप्रमाणे आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहून फोन बघत होता.

संकल्प: जमीन साफ करून घेणे. रहिवासी समितीची अध्यक्ष मी. अवघड ते काय?

९ फेब्रुवारी
सरकारचा सफाई निधी आहे! थोडा हिस्सा रहिवाशांनी घालायचा, बाकीचे पैसे ते देणार. विषारी माती काढून नेणार, मग तिथे दवाखाना आणि मुलांना मैदान. वर्गणी भराभर जमली. खजिनदार जाऊबाई. म्हणाल्या, अध्यक्षीणबाई, पावतीशिवाय पेनाची रिफिलसुद्धा मिळायची नाही हं.

अर्ज मी स्वतः लिहिला. इंग्रजीत, एकही खाडाखोड नाही. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी पाहिला असता तर वर चांदणी चिकटवली असती.

२० फेब्रुवारी
उत्तर आलं. पाच मार्चला पाहणी. मातीचे नमुने नेणार; जिथे विष जास्त, तिथे पैसे आधी. ठीक आहे, हे तांत्रिक झालं. शेवटी माणसाच्या मनावर पहिली छाप महत्त्वाची.

२२ फेब्रुवारी
जागा बघून आले. शी! फुटक्या बॅटऱ्यांची टरफलं, रानगवत, पिवळे चट्टे. असं उघडंवाघडं पाहुण्यांना दाखवायचं? शाळेत इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सिस्टर आमची नखंसुद्धा तपासायच्या. सूनबाई म्हणाल्या, आई, जशी आहे तशीच दिसू द्या ना. या पिढीला सौंदर्यदृष्टी म्हणून नाही.

नर्सरीवाल्याला फोन केला. अगदी थोडीशी माती सांगितली.

२७ फेब्रुवारी
चार ट्रक माती. मी एकच सांगितला होता. नर्सरीवाला म्हणाला, बाई, एक ट्रक या जागेच्या दातालाही पुरणार नाही. मग हिरवळ घेतली. हिरवळ घेतली म्हणून झेंडू घेतला. झेंडूकडे बघायला बसायचं कुठे, म्हणून एक बाक. पैसे वर्गणीतले. तात्पुरते.

पावतीवर ‘पूर्वतयारी’ लिहिलं. जाऊबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, पूर्वतयारी म्हणजे गं काय? म्हटलं, तांत्रिक आहे. त्यांनी पावती घडी करून वहीत ठेवली. त्यांनी काही जपून ठेवलं की मला भीती वाटते.

५ मार्च, संध्याकाळ
पाहणी झाली. अप्रतिम! अधिकारी बाई गाडीतून उतरल्या आणि पहिला शब्द ‘अय्या’. बरोबरचा माणूस हिरवळीच्या मधोमध खोल भोक पाडणार होता. त्याला म्हटलं, अहो, कालच पाणी घातलंय, अजून मुळं धरली नाहीत. त्यापेक्षा झेंडूच्या कडेची माती घ्या, मऊ आहे. त्याला बरंच वाटलं. मोठं यंत्र गाडीतून उतरवावंच लागलं नाही बिचाऱ्याला. हातखुरपीने पिशव्या भरल्या, सरबत प्यायला, गेला.

बाईंनी विचारलं, हे कधी केलंत? म्हटलं, आमची काळजी कायमचीच आहे. हे काही खोटं नाही.

सूनबाई खिडकीतून जोरजोरात हात हलवत होत्या. मीही हलवला.

२८ मार्च
उत्तर. ‘सदर जागेतील माती उत्तम प्रतीची आढळली. सफाईची आवश्यकता नाही. आपल्या उद्यानाबद्दल अभिनंदन.’

अभिनंदन वाचून क्षणभर मला आनंद झाला. हे लिहायलाही लाज वाटते, पण झाला.

२९ मार्च
अधिकारी बाईंना फोन. म्हटलं, जमीन खरंच घाण आहे हो, अगदी शपथेवर. त्या म्हणाल्या, काकू, मग ती माती कुठली? सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, यंदाची यादी बंद झाली, पुढच्या वर्षी अर्ज करा. आणि तुमची ती वरची माती आता खालच्या विषारी मातीत मिसळत जाणार. काढायची वेळ आली की तीही काढावी लागेल. खर्च वाढेल.

म्हणजे मी जमीन साफ करायला निघाले आणि चार ट्रक घाण वाढवली.

३० मार्च
समितीची सभा. ‘तांत्रिक अडचण’ म्हणायचं ठरवून गेले होते. तळमजल्यावरच्या वकिलांनी विचारलं, ही माती मागवली कुणी? तेवढ्यात जाऊबाई पावती घेऊन उठल्या. आता या मला सोलणार, असं वाटलं. त्या म्हणाल्या, आम्ही दोघींनी ठरवून मागवली. चूक दोघींची.

लोक त्यांनाही बोलले. म्हातारपणी अक्कल गहाण टाकली का, इथपर्यंत बोलले. त्या ताठ उभ्या होत्या. मी बसून राहिले. तब्येत बरी नव्हती, पंखा बंद होता. नाही. तब्येत ठणठणीत होती. मी बसून राहिले.

जिन्यात त्या म्हणाल्या, माझ्याशी चार दिवस बोलू नकोस.

३ एप्रिल
टेम्पो खाली लागला आहे. मुलाला पलीकडच्या भागात घर मिळालं. सूनबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. म्हटलं, तुमची खोली झाडूनपुसून ठेवते, येत जा. त्या म्हणाल्या, आई, नातीला भेटायला तुम्हीच येत जा. इथे तिला आणणार नाही.

नातीने टेम्पोच्या खिडकीतून विचारलं, आजी, ती फुलं माझी का? नाही म्हटलं. का, ते नाही सांगितलं.

आता लिहून ठेवते, म्हणजे उद्या पुन्हा काही सुचायला नको.

नातीला: दुकानातली रंगीत माती, बंद डब्यातली. पोचवायला मी स्वतः जाणे.

रहिवाशांना: खर्च झालेली वर्गणी, माझ्या ठेवीतून. घरोघर जाऊन. चहाला न थांबता.

वकिलांना: बाक. आधी स्वच्छ धुऊन.

झेंडू: कुणालाही नाही.

जाऊबाईंना: अध्यक्षपद, पुढच्या वर्षीचा अर्ज, आणि रविवारच्या सभेत माझ्या तोंडून खरं काय ते. उभं राहून. त्या बोलल्या नाहीत तरी.