आठच्या गोळ्या

तीर्थस्वरूप आत्या,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पत्रातूनच ठेवतो. प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला माणूस लागतो, हे तू मागच्या भेटीत पाहिलंच आहेस.) तुझे गुडघे काय म्हणतात? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला आता बारीक अक्षर दिसतं का? दिसत असेल तर माझं अक्षर वाचून तो पुन्हा बिघडवू नकोस, पत्र दोन हप्त्यांत वाच. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लागले म्हणून तू रागावली असशील. रागव. तू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस, पण रागावण्यातून अजून निवृत्त झालेली नाहीस, हे आम्हा सगळ्या भाच्यांना पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडे सगळे ठीक. तुझी भाचेसून कामासाठी बाहेरगावी गेली आहे, तिला जाऊन तीन दिवस झाले, आणि घरात अजून काही जळलेलं नाही.

तू विचारलं होतंस की तू शेजारणीला माझ्याबद्दल ‘लहान मुलांना किडनी बसवणारा डॉक्टर’ असं सांगितलंस, ते बरोबर ना. आत्या, सव्वीस वर्षं मी तुला सांगतोय, मी बसवत नाही. बसवणारा सर्जन वेगळा. तो चार तास उभा राहतो, बाहेर येऊन टोपी काढतो, आईबाप त्याचे हात धरून रडतात, आणि तो हात सोडवून घेऊन पुढच्या ऑपरेशनला जातो. मी त्याच्या नंतरचा. लग्न लावणारा लग्न लावून, जेवून निघून जातो. संसार आम्हाला करावा लागतो. बसवलेली किडनी आईची असो की बापाची, पोराच्या अंगाला ती परकीच वाटते आणि ते तिला हाकलायला बघतं. हाकलू नये म्हणून गोळ्या घ्यायच्या, सकाळी आठ आणि रात्री आठ, रोज, जन्मभर. एवढीच खरं म्हणजे आमची विद्या. एका वाक्यात मावते, म्हणूनच ती शिकायला मला चौदा वर्षं लागली असं तू म्हणाली होतीस.

अर्धा वेळ मी डॉक्टर आणि अर्धा वेळ शास्त्रज्ञ आहे. (म्हणजे डॉक्टर मला शास्त्रज्ञ समजून सोडून देतात आणि शास्त्रज्ञ डॉक्टर समजून.) एकोणीस वर्षं मी मुलांच्या लघवीतला एकच पदार्थ मोजतोय. तो वाढला की अंग किडनीवर उलटणार हे तीन आठवडे आधी कळतं. धाकट्या काकांनी मागे आपल्या व्याह्यांशी माझी ओळख ‘हा लघवीत भविष्य बघतो’ अशी करून दिली, तेव्हा मला राग आला होता. नंतर विचार केला तर एकोणीस वर्षांच्या कामाचा इतका नेमका सारांश मलाही कधी जमला नव्हता.

आता मुख्य हकीकत. आमच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आहे. सगळा वॉर्ड तिला इन्स्पेक्टर म्हणतो, कारण सात वर्षांची असताना ती पलंगावर बसून प्रत्येक डॉक्टरला हात धुतलेत का विचारायची, आणि धुतलेत म्हटलं तर वास घेऊन बघायची. अडीच वर्षांपूर्वी तिला तिच्या वडिलांची किडनी बसवली. वडील लिफ्ट दुरुस्त करतात, मोजकं बोलतात. आईला साखरेचा आजार, म्हणून तिची चालणार नाही. तेव्हा ही किडनी गेली तर घरात दुसरी नाही. पुन्हा आठवड्यातून तीनदा मशीन, आणि यादीत नाव घालून वाट बघणं. हे मी तुला आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला तो नेमका कशाच्या जिवावर केला हे तुला कळायला हवं.

सहा महिन्यांपूर्वी मी एक डबी तयार करवून घेतली. गोळ्यांचीच डबी, पण उघडली की वेळ टिपून घेते. चौसष्ट मुलांना वाटल्या. तीन महिन्यांनी पाहिलं तर इन्स्पेक्टरची डबी सकाळी आठ आणि रात्री आठ, एकदाही न चुकता. मी तिचा तक्ता मोठा करून भिंतीवर लावला आणि बाकीच्या मुलांना दाखवायला लागलो. रक्तातलं औषधाचं प्रमाणही उत्तम. आणि त्याच वेळी माझा तो लघवीतला पदार्थ वर, वर, वर. किडनीचा आकडाही बिघडायला लागला. आता सांग, डबी म्हणते सगळं ठीक, रक्त म्हणतं सगळं ठीक, आणि किडनी म्हणते मी चालले. साध्या माणसाला इथे साधी शंका आली असती. मी शास्त्रज्ञ असल्यामुळे मला ती आली नाही. मी अकरा पानी टिपण लिहिलं, की गोळ्या नियमित घेऊनही अंग उलटण्याचा हा एक नवाच प्रकार असावा. परदेशातल्या तीन मित्रांना पाठवलं. त्या प्रकाराला नावही देऊन ठेवलं. (माझंच.)

मुलीला वॉर्डात घेतलं, किडनीचा तुकडा तपासला, तीन दिवस सलाइनमधून जोरकस औषध दिलं आणि किडनी तात्पुरती सावरली. दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या सिस्टर तिच्या पलंगापाशी गेल्या. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाई, एकही निबंध लिहिलेला नाही. गोळ्या घेतेस का, असं त्यांनी विचारलंच नाही. उशी ठीक करता करता एवढंच विचारलं, की गोळ्या टाकतेस कुठे. तर ती म्हणाली, टाकत नाही, बाबांनी आणलेल्या असतात, बरणीत ठेवते.

आत्या, ती बरणी मी पाहिली. तिच्या घरी, पुस्तकांच्या मागे होती. गोळ्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून, मध्ये कापसाचे थर देऊन ठेवल्या होत्या. रोज आठच्या ठोक्याला ती डबी उघडायची, गोळ्या काढायची आणि बरणीत घालायची. रक्त तपासायच्या आधी तीन दिवस मात्र इमानदारीत घ्यायची. कारण विचारलं तर गोळ्यांनी चेहरा फुगतो, शाळेत तिला फुगा म्हणतात. गंमत म्हणजे किडनी सावरायला आम्ही जे सलाइन लावलं होतं त्यानंही चेहराच फुगतो. (गंमत हा शब्द मी काय म्हणून वापरला कुणास ठाऊक.) भिंतीवरचा तक्ता मी स्वतः काढला. अकरा पानांचं काय केलं ते विचारू नकोस.

मग मी तिला रागावलो. चांगला अर्धा तास, तुझ्याच पद्धतीनं, आवाज न चढवता. वडिलांनी पोट कापून दिलेली किडनी, आईची धावपळ, आमचे कष्ट, सगळं काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही घ्या ना एक महिना. सकाळी सहा गोळ्या, रात्री चार, माझ्याएवढ्याच. समोर पाच विद्यार्थी उभे होते. मी म्हणालो, त्यात काय अवघड आहे. औषधाच्या दुकानातून त्याच दिवशी व्हिटॅमिनच्या साध्या गोळ्या आणल्या, मापानं मोठ्या, घशात अडकणाऱ्या.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी रात्री आठला मी व्याख्यान देत होतो. विषय होता ‘गोळी वेळेवर घेण्याचे महत्त्व’. साडेसातला सुरू केलं ते नऊला संपवलं, श्रोते फार तल्लीन झाले होते, मीही. पाचव्या दिवशी गोळ्या पॅंटच्या खिशात राहिल्या आणि पॅंट धुवायला गेली. सहाव्या दिवशी घेतल्या की नाही हे आठवेना म्हणून पुन्हा घेतल्या, आणि मग आठवलं. नवव्या दिवशी फोनचा गजर वाजला, मी तो बंद केला, आणि बंद करण्याचं काम पार पाडल्याच्या समाधानात पुन्हा कामाला लागलो. इन्स्पेक्टर मला रोज फोन करून विचारायची आणि वहीत टिपून ठेवायची. महिनाअखेर साठ वेळांपैकी अकरा चुकल्या. माझ्या स्वतःच्या निबंधात, शंभरात दहापेक्षा जास्त वेळा चुकणाऱ्या मुलांसाठी मी ‘बेभरवशाचा गट’ असा शब्दप्रयोग केलेला आहे. तो निबंध तिनं शोधून वाचला होता.

मी तिची माफी मागितली. आत्या, सव्वीस वर्षं मी पोरांना दटावतोय, आणि हे काम इतकं किचकट, इतकं कंटाळवाणं आणि इतकं एकट्यानं करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. त्या महिनाभर तिची आई रजा काढून समोर उभी राहून तिला गोळ्या देत होती, त्यामुळे किडनी ठीक होती. पण रजा संपली. आई शिवणाच्या कारखान्यात जाते, सकाळी सहाला निघते ते रात्री नऊला परतते. वडिलांच्याही कामाच्या वेळा तशाच. म्हणजे दोन्ही आठ वाजता पोरगी आणि गोळ्या, मध्ये कुणी नाही. तेव्हा इन्स्पेक्टरनं मला नवी अट घातली. आणखी तीस दिवस. तुम्ही एकदाही चुकवली नाहीत तर मीही चुकवणार नाही. तुम्ही चुकवलीत, की मग माझं मी बघेन.

आणि मी हो म्हणालो. तुझ्या सुनेला हे सांगितलं तेव्हा ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, ज्या माणसाला स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर सापडत नाही, त्यानं एका पोरीची किडनी स्वतःच्या आठवणीवर टांगली? त्या वेळी मी चष्माच शोधत होतो. पण बाईमाणूस खंबीर. त्या दिवसापासून दोन्ही वेळा पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. काल एकविसावा दिवस झाला, एकही चूक नाही. बाहेरगावी जातानाही ती फ्रीजवर, आरशावर आणि माझ्या चपलेच्या पेटीवर चिठ्ठ्या लावून गेली आहे.

असो. आज रविवार, निवांत वेळ मिळाला म्हणून उठल्या उठल्या सविस्तर लिहायला बसलो. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला स्वतःची काळजी घे असं सांगण्याचं धाडस मी करत नाही.

तुझा सव्वीस वर्षं किडनी न बसवणारा,
भाचा

ता. क. एक किरकोळ काम होतं. तुझी सून अजून आठ दिवस नाही. तू मला रोज सकाळी आठला आणि रात्री आठला फोन करशील का? मी दहावीत असताना तू पहाटे पाचला उठवायचीस, वर्षभरात एकदाही चुकली नाहीस. मी घेतली म्हटलं तरी विश्वास ठेवू नकोस. पाण्याचा आवाज ऐकव म्हण. आत्या, ही विनंती करण्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं आहे.

ता. क. २. पाकिटावर पत्ता लिहिताना सहज भिंतीकडे पाहिलं. सव्वानऊ वाजलेत. गोळ्या समोर टेबलावरच आहेत, या पत्राच्या दुसऱ्या पानाखाली.  आता गिळाव्यात आणि गप्प बसावं, इन्स्पेक्टरला कोण सांगणार आहे? पण मग तिच्या बरणीत आणि माझ्यात फरक काय राहिला. फोन करतो. त्या पोरीनं आज गोळ्या सोडल्या तर ते पाप माझ्या माथी. पाकीट तोवर उघडंच ठेवतो.

ता. क. ३. केला. सगळं कबूल केलं.  मग तिनं विचारलं, आता तरी घेतल्या का? मी म्हटलं, नाही, आधी तुला फोन केला. ती म्हणाली, आधी घ्या, मी थांबते. ती फोनवर असताना मी सहाच्या सहा गिळल्या. मग भीत भीत विचारलं, आणि तू? ती म्हणाली, मी आठलाच घेतल्या, रोज घेते. मी म्हटलं, मग ती अट? तर म्हणते, ती तुमच्यासाठी होती. तुम्हाला नुसतं सांगून जमत नाही, कुणासाठी तरी घ्यायच्या असल्या की जमतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. विश्वास नसेल तर उद्या न सांगता रक्त तपासा, म्हणाली. मी म्हटलं, गरज नाही, माझा पूर्ण विश्वास आहे. (उद्या अकराला तपासणार आहे.) फोन ठेवला आणि मला रडू आलं, हे धाकट्या काकांना सांगू नकोस. तू फोन मात्र आज रात्रीपासूनच कर. (पत्र पोचायला चार दिवस लागतील हे आत्ता लक्षात आलं, म्हणून हे सगळं तुला फोन करून सांगतो आणि पत्रही टाकतो.) आणि आठ दिवस नाही, तीस दिवस. तिनं माझी मोजणी पहिल्यापासून सुरू केली आहे.