तीन मिटणारे, एक उघडणारा

६ ऑक्टोबर २०२५, चिकलठाणा

आक्का, गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? विशाखाच्या लेकराला दात आले का? आणि ती लंगडी मेंढी चारा खाती का? कन्नडहून निघताना तू म्हणालीस, रोजचं लिहीत जा, म्हणून ही वही धरली. भरली की एसटीच्या ड्रायव्हरजवळ देईन, विशाखा वाचून दाखवील.

माझं झकास चाललंय. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांसाठी इथं प्लास्टिकच्या कवट्या बनतात, त्या रंगवायचं माझं काम. मालकीण सत्यशीलाताईंनी कारखान्यामागची खोली दिली. अडुसष्टाव्या वर्षी मेंढरं हाकायची काठी सुटली आणि ब्रश हातात आला बघ.

८ ऑक्टोबर

आज जबडा शिकलो, ताईंच्या जुन्या पुस्तकातून अक्षर अक्षर लावत. कानापुढं बोट ठेव आणि आ कर. काहीतरी सरकतं ना? ती जबड्याची मूठ. सांध्यात तिच्यावर एक मऊ चकती असते, तीपण संगं सरकते. आता दात आवळ. गालावर गोळा येतो तो एक स्नायू, कानशिलावर हलतो तो दुसरा, जबड्याच्या आतल्या अंगाला तिसरा. तिन्ही मिटणारे. चौथा तेवढा तोंड उघडायला मदत करतो. सोबतचा अप्पाराव म्हणाला, कडुबा, तुमच्या बहिणीला देवानं तो चौथाच दांडगा दिला असंल. लई हसलो.

११ ऑक्टोबर

जबडा कवटीला टांगताना गंजकी तार अंगठ्यात खोल घुसली. ताई म्हणाल्या, आधी इंजेक्शन घेऊन या. मी व्हय म्हटलं आणि गेलो नाय. आपल्या मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्यांची भुकटी पुडीत आणली होती, ती जखमेत दाबून फडकं बांधलं. रानात जन्मभर हेच केलं.

१८ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी लागली. ताई नाशिकला, अप्पाराव गावी. राखणीला मी एकटा.

सकाळी भाकर चावताना जबडा धरल्यासारखा झाला. पुस्तक काढलं. चकती जागची हलली की असंच होतं म्हणे. मेडिकलवाल्याला तेच ठासून सांगितलं. तो हसला, बाबा, तुम्हीच डॉक्टर झालात की. दुखायच्या गोळ्या दिल्या. अंगठ्याचं बोललो नाय. त्याचा काय संबंध?

१९ ऑक्टोबर

तोंडात दोनच बोटं जातात. शेकलं, तेल चोळलं. गालाचा गोळा दगडासारखा. मी दात आवळलेले नसताना.

चकती असती तर एका बाजूला दुखलं असतं. दोन्हीकडं कसं—

२० ऑक्टोबर

चहा दातांच्या फटीतून ओढला. मान वळंना.

आरशात पाहिलं. मी हसतोय. आक्का, मी हसत नाय. ओठ आपोआप ताणलेत.

मग ते कोकरू आठवलं. नाळ चिघळली, आपण तिला लेंडीच लावली. आठव्या दिवशी दात मिटले, पाय ताठ. चमच्यानं उघडायला गेलो तर दात तुटला, जबडा नाय उघडला. दातखीळ.

अंगठ्याचं फडकं सोडलं. आत अजून भुकटी आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

बाहेर फटाका फुटला की सगळं अंग धनुष्यासारखं वाकतं. दात करकरतात. तीन ओढतात. एकटा काय करील—

रस्त्यापर्यंत गेलो. रिक्षावाल्याला अंगठा दाखवला, तोंड दाखवलं. तो म्हणाला, चाचा, दिवाळी जोरात झाली वाटतं. माझं हसू पाहून हसला. गेला.

कागदावर लिहून न्यायला हवं होतं. डोकंच चाललं नाय.

बटनाच्या फोनवरून विशाखाला लावला. हॅलो, मामा, हॅलो म्हणत राहिली. माझ्या दातांतून नुसता वारा. म्हणाली, रेंज नाय वाटतं, आणि ठेवला. पुन्हा लावला. तेच.

२२ ऑक्टोबर

उभं राहता येईना. सरपटत फाटकापर्यंत आलोय. श्वास अडकतो. सगळीकडं फटाके—

हे पान फाडून फाटकाखालून सरकवतो. ज्याला मिळंल त्यानं वाचावं: आत माणूस आहे. दारू प्यालेला नाय. हसत नाय. धनुर्वात झालाय. दवाखान्यात न्या.

जीभ दातांत सापडली आहे. रक्त—

खाली कन्नडचा नंबर लिहितो. विशाखा, आता फोन आला आणि कुणी बोललं नाय तर ठेवू नकोस गं. आक्का, तिच्याकडून उत्तर लवकर लिहून घे, आजच घे, मला अजून वाचता ये—