तोंड नसलेला पतंग

इपोह
२० ऑगस्ट १९९६

चि. कोक वेंग यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे. बाबा गेले तेव्हा तू कुचिंगहून आला नाहीस, त्यावरून आज भांडत नाही. आईबद्दल लिहायचं आहे.

मुलांना सुट्टी, म्हणून परवा सगळ्यांना डोंगरावर नेलं. तिथे किड्यांचं एक संग्रहालय आहे, किडे हातात घेऊन बघायचे. तुझ्या भाचीने, हुई मिनने, शिंगवाला भुंगा फ्रॉकवर बसवून घेतला. त्याने पायांचे आकडे असे रुतवले की सोडवता सोडवेना. काडीसारखा एक किडा माझ्या दंडावर चढला तेव्हा मी जी किंचाळले, त्याची नक्कल पोरं अजून करताहेत. आई कोपऱ्यात गप्प बसली होती. तिथले म्हातारे रखवालदार, पाक ताजुद्दीन, यांनी तिच्या बाहीवर एक पतंग ठेवला. दिव्यावर येतात त्यातलाच, पण पंख माझ्या दोन्ही तळहातांएवढे. बाबांच्या सातव्याला एक पतंग फोटोशेजारी येऊन बसला होता, तेव्हा हेच आलेत म्हणत आईने कोणाला झाडू उचलू दिला नव्हता. याच्याशी तर ती बोलायलाच लागली. जेवलात का हो, म्हणाली. पाक ताजुद्दीन हसले. म्हणाले, आजी, हा जेवत नाही, याला तोंडच नसतं. सुरवंट असताना खाल्लं त्यावर आठवडाभर काढतो आणि मरतो.

आईचा चेहरा पांढरा पडला. बाबांच्या घशाखाली शेवटी शेवटी घोटभर पेजही उतरत नव्हती, आणि आवाज तर एप्रिलमध्येच गेला होता. तुला काही कळवायचं नाही, अशी त्यांनी कागदावर लिहून मला शपथ घातली होती. मी ती पाळली, हे चुकलंच माझं. त्या दिवसापासून आईने भात सोडलाय. म्हणते, तिथेही त्यांना तोंड नाही, मग मी कशी जेवू?

एकदा येऊन जा. राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझी ताई,
स्यू लान


कुचिंग
२८ ऑगस्ट १९९६

ती. ताईस कोक वेंगचा सा. न. वि. वि.

सहा वर्षांत मला एक ओळ न लिहिणारे बाबा आता किडा होऊन गप्पा मारायला यायला लागले काय, असं टोचून लिहायला बसलो होतो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यांचा आवाज एप्रिलमध्ये नक्की कधी गेला? तारीख कळव.

एप्रिलपासून दर रविवारी दुपारी तीनला माझा फोन वाजायचा. पलीकडे कोणी बोलायचं नाही. नुसता घरघरणारा श्वास. आधी मी कोण, कोण म्हणून विचारायचो. पुढे शिव्या द्यायला लागलो. मेच्या शेवटच्या रविवारी म्हणालो, मर एकदाचा, म्हणजे सुटेन मी. त्यानंतर फोन आला नाही.

पुन्हा उंबरा चढलास तर तंगडं तोडीन, असं बाबा म्हणाले होते, म्हणून मी आलो नाही. निदान स्वतःला तरी तेच सांगत आलो. आईला फोनचं विचार. मी काय बोललो ते मात्र सांगू नकोस.

मुलांना गोड पापे. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, एवढंच.

तुझा,
कोक वेंग


इपोह
६ सप्टेंबर १९९६

चि. कोक वेंग यास अनेक आशीर्वाद.

आवाज चौदा एप्रिलच्या आठवड्यात गेला. आईला फोनचं विचारलं तेव्हा ती टेबल पुसत होती. हात थांबला. म्हणाली, नंबर मीच फिरवून द्यायचे. त्यांना पोराचा आवाज ऐकायचा असायचा. तुझे शब्द मी सांगितले नाहीत. तिचं तोंड बघून वाटलं, सांगायची गरजही नव्हती. पुढचं फक्त त्यालाच सांगेन, म्हणाली.

तिचा लेंगा कमरेवर ठरत नाही, पिन लावून फिरते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मला विचारायला येऊ नका. तू ये. उंबऱ्याची भीती वाटत असेल तर मागच्या दाराने ये, शाळेला दांडी मारून यायचास तसा.

वाट बघणारी,
ताई


कुचिंग
२४ सप्टेंबर १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी धड बोललो नाही. तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

रविवारी आईच्या हट्टाने आम्ही दोघं डोंगरावर गेलो. तो पतंग केव्हाच मेला होता. पाक ताजुद्दीननी त्याच सकाळी कोशातून निघालेला दुसरा माझ्या हातावर ठेवला. वजन असं नाहीच, नुसती थरथर. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाकावर बसून म्हणाली, तू काय बोललास ते आम्ही दोघांनी ऐकलं, रिसीव्हरला कान लावून. मला इतका राग आला तुझा. पुढच्या रविवारी ते फोनकडे बोट दाखवत होते, मी नंबर फिरवला नाही. जाईपर्यंत बोट फोनकडेच होतं त्यांचं. त्यांना तोंड नव्हतं रे, पण मला हात होते ना.

पतंग घेऊन मी तिच्या शेजारी बसलो. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही.

परतताना बस स्टँडवर तिने मला तिच्याच घरचा नंबर फिरवायला लावला. तीन वाजले होते. घराला कुलूप आहे म्हटलं, तर म्हणाली, तू फिरव. रिसीव्हर तिच्या कानाला, मी शेजारी वाकून. घंटी बराच वेळ वाजली. मग थांबली, फोन उचलल्यावर थांबते तशी. कोणी बोललं नाही. आई हळू म्हणाली, अहो, तो आलाय. मी जेवते आता. आणि फोन ठेवला. बसमध्ये तिने सारण भरून वाफवलेले दोन गरम पाऊ खाल्ले आणि माझ्यातलाही अर्धा मागून घेतला.

आईच्या घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते. रविवारी दुपारी तू तिथे गेली असशील, तर लिही. गेली नसशील, तर त्याबद्दल काहीच लिहू नकोस.

आईला सांभाळ, आणि मलाही आपला म्हणत जा.

तुझा,
कोक वेंग