खारात विरलेली धाबळी

आबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, पण देशमुखांच्या ओसरीवर तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या मनातून जात नाही. धाबळी कधी परटाकडे येत नाही. लोकरीला विटाळ नाही, म्हणून सोवळ्यात नेसायची ही लोकरीची धाबळी धुवावी लागत नाही, आणि सोवळ्यातली माणसं ती दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. समईचं तेल सांडलं म्हणून देशमुखांनी ती गुपचूप आपल्याकडे धाडली. धारूरात तुमच्याइतकी पांढरी धोतरं कोणी काढत नव्हतं. तुम्ही सकाळीच धोतरांना घालता तोच धुण्याचा खार त्याच मापानं घातलात, तसाच जाळ लावलात. मी म्हटलं, "आबा, ही लोकर हाय." तुम्ही म्हणालात, "कापड ते कापड. मास्तर झाला का बे तू?" संध्याकाळी भांड्यात पेजेसारखा लगदा उरला. ओसरीवर तुम्ही मान खाली घालून सांगता आहात, "पोरानं खार लई घातला, मालक. शाळंमुळं ध्यान ऱ्हात न्हाई त्याचं." देशमुख म्हणतात, "मग कावून धाडतोस शाळेत?" दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेतून माझं नाव काढलंत.

आता मी हैदराबादेत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. शेवटी धुणंच. परवा प्रोफेसरांनी दोन नळ्यांत खाराचं कडक पाणी उकळलं, एकीत सुताचा धागा, दुसरीत लोकरीचा. सूत तसंच राहिलं, लोकर विरघळली. वर्ग सुटल्यावर मी भीत भीत कारण विचारलं. ते म्हणाले, "मियाँ, दोनों ज़ंजीरें हैं, कड़ियाँ अलग हैं." सुताच्या कड्या साखरेच्या, सगळ्या सारख्या, म्हणून त्या साखळ्या सरळ, एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि खाराला दाद देत नाहीत. लोकरीच्या कड्या निरनिराळ्या अमिनो आम्लांच्या. जशा कड्या, तशी साखळीला मुरड पडते. काही कड्यांत गंधक असतं, ते एका साखळीला दुसरीशी बांधून धरतं. उकळता खार हे बंध तोडतो आणि मग साखळ्याही. घालणारा हात कोणाचा, हे तो पाहत नाही. म्हणजे तुमच्या मापानंच ती धाबळी जाणार होती. हे तुम्हाला समोर बसवून ऐकवायचं होतं, आणि तुम्ही तेवढीही संधी ठेवली नाहीत.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, तेव्हा उरलेलंही लिहितो. त्या सकाळी शाळेला निघताना मी भांड्याचं झाकण उचलून पाहिलं होतं. काठीनं वर काढलेलं धाबळीचं टोक बोटांना बुळबुळीत लागली, ती विरायला लागली होती. तुम्ही ओढ्यावर होतात. बोलवायला गेलो असतो तर शाळा बुडाली असती. मी झाकण नीट बसवलं, हात धुतले आणि निघालो.