बिळाबाहेर काढून पाहिल्याशिवाय

औरंगाबाद
१८ फेब्रुवारी १९९४

प्रिय प्रल्हाद,

दोन वर्षं गप्प राहिलो, माफ कर. डायरी रोज लिहितो, तुझ्याशी मात्र बोलवेना. आज लिहितोय, कारण आपला उंदरांवरचा शोधनिबंध अर्धाच छापायचं चाललंय, आणि त्यावर पहिलं नाव तुझं आहे.

नामांतर झालं, विद्यापीठाला अखेर ते नाव मिळालं रे! तू हवा होतास. मोर्चातून सुजलेला खांदा घेऊन थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत यायचास आणि पिंजरे धुवायला बसायचास. कावीळही तशीच अंगावर काढलीस, आणि त्यातच गेलास. कशाला?

लासूरची शेतं आठवतात? पिंजऱ्यात लावायला स्टेशनवरून भजी घ्यायचो. "आधी आपण खाऊ मधू, उरली तर उंदरांना!" बांधावरून एक म्हातारबा ओरडायचे, "मास्तर, उंदीर धरायचा पगार देतंय व्हय सरकार?" तू म्हणायचास, "देतंय की, पण लई उशिरा!"

एकेका बिळात कितीतरी नर. पण नरसंप्रेरक भरपूर सापडायचं ते एकाच दांडग्याच्या रक्तात. बाकीच्यांच्यात कमी, वृषणंही बारकी. ते पाहून आपले विभागप्रमुख चहा पिता पिता म्हणाले, "बघा, पायरी जन्मानंच ठरते. निसर्गच तसा आहे." म्हणताना त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या कपात बघत राहिलो. तू शांतपणे विचारलंस, "सर, त्यातला एखादा बारका नर बिळाबाहेर काढून, वेगळा ठेवून बघितलाय का कुणी?"

बाहेर आल्यावर मी तुझी पाठ थोपटली, "काय हाणलंस!" तर माझ्यावरच उखडलास. "उंदराचं माणसाला लावू नको. माणसाचं भांडायला मी रस्त्यावर हाय. इथं उंदराचं खरं काय, तेवढं पुरं बघायचं."

तेच पुरं बघायचं राहिलं. आता सर म्हणतात, झालं तेवढं पुरे, शेवटी फक्त 'दुय्यमपण जन्मजात असतं' एवढं एक वाक्य घाला. तुझ्या नावाखाली ते वाक्य? आज मी तोंडावर नाही म्हणालो. "मग बढतीचं विसरा," ते म्हणाले. विसरलो!

पण एक शंका छळते, तुझ्यापासून काय लपवू? वेगळे ठेवूनही त्या नरांचं संप्रेरक वाढलंच नाही तर? मी खरं शोधतोय, की तू जिंकावास म्हणून धडपडतोय? हे ऐकून तूच आधी माझा कान धरला असतास.

म्हणून शब्द देतो. वाढलं तर वाढलं म्हणून लिहीन, नाही वाढलं तर तसंही लिहीन. पण त्या नरांना बिळाबाहेर काढून पाहिल्याशिवाय जन्माबद्दल एक अक्षरही तुझ्या नावाखाली जाऊ देणार नाही.

तुझा,
मधू

उद्या : लासूर स्टेशनवरून भजी घेऊन पिंजरे लावणे.